"कोणतं बोट गेलं गं?" : भुसावळमधील एका टंकलेखन वर्गाचा अनुभव

माझी मुलगी भुसावळच्या ज्या वर्गात मराठी ३० शब्द प्रतिमिनिट या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करते, त्याची शिफारस मी मुख्यतः तेथील चूक सुधारण्याच्या पद्धतीसाठी करतो. जोडाक्षर चुकले तरी मॅडम रागावत नाहीत, ओळ पूर्ण होऊ देतात, पडद्यावरील त्या अक्षरापाशी पेन्सिल टेकवून "कोणतं बोट गेलं गं?" एवढेच विचारतात आणि तोच शब्द सावकाश पुन्हा काढून घेतात.

ही रीत मेंदूच्या कामकाजाला धरून आहे. चुकीची कळ दाबली गेल्यावर १०० मिलिसेकंदांच्या आतच मेंदूच्या पुढील मध्यभागात, मुख्यतः अँटीरियर सिंग्युलेट कॉर्टेक्समध्ये, एक ऋण विद्युतलहर उमटते. म्हणजे कोणी ओरडण्यापूर्वीच चुकीची नोंद झालेली असते. अर्थात, योग्य कळ कोणती हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे त्याच्याच बाबतीत हे घडते. नवशिक्याला चूक बाहेरूनच कळावी लागते, आणि तशी सूचना मिळाल्यावर साधारण पाव सेकंदाने त्याच्या मेंदूतही तशीच लहर दिसते. मॅडमचा प्रश्न नेमका या टप्प्यावरच्या मुलांच्या कामी येतो.

सराव मुरल्यावर मात्र बोटेच जाणती होतात. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील लोगन आणि क्रम्प यांनी २०१० मध्ये कसलेल्या टंकलेखकांच्या पडद्यावर मुद्दाम चुका घुसवल्या आणि खऱ्या चुका गुपचूप दुरुस्त केल्या, तेव्हा टंकलेखकांनी पडद्यावर विश्वास ठेवला. बोटे मात्र खऱ्या चुकीनंतरच मंदावली. म्हणून वर्गात प्रत्येक चुकीला वाजणारा कर्कश आवाज वेग धरलेल्या मुलांनाही ऐकवणे मला पटत नाही.

त्याहून खटकते ती दर शनिवारी भिंतीवर लागणारी, नावांसह चुकांचे आकडे लाल शाईत दाखवणारी यादी. कोणते बोट कोठे घसरले हे त्या आकड्यावरून कळत नाही, उतारा टंकून बराच काळ लोटलेला असतो आणि मुलांचे लक्ष कळफलकावरून शेजारच्या नावाकडे वळते. ही यादी संचालकांनी बंद करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कळफलक चांगले आहेत, वीज गेली तरी इन्व्हर्टरवर काम चालते. मॅडम फक्त सकाळच्या तुकडीला शिकवतात, त्यामुळे प्रवेश घेताना तीच वेळ मागून घ्यावी. मे महिन्याच्या उन्हातही ती सोयीची पडते.