बाटलीत ना हिराबोळ, ना वेखंड

गेली चार वर्षं मी इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलला, विक्काची साधना करते. विक्का म्हणजे निसर्गपूजा आणि जादूविधी मानणारा आधुनिक पंथ. घरात देवघर आहे, आणि शेजारच्या फळीवर मेणबत्त्या आणि जडीबुटीच्या बरण्याही. या मार्गावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

गेल्या ऑक्टोबरात साओइनच्या, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या आमच्या सणाच्या आधी ग्लास्टनबरी या गावातल्या एका दुकानात गेले होते. मेणबत्तीला चोळायला ॲब्रामेलिन तेल हवं होतं; ॲब्रामेलिनच्या जादूच्या जुन्या ग्रंथातलं हे विधीचं तेल. दालचिनी, हिराबोळ, वेखंड आणि ऑलिव्ह तेल अशी त्याची कृती. बायबलमधल्या 'निर्गम'मध्ये अभिषेकाचं तेल सांगितलंय, त्याच्याशी तिचं जवळचं नातं. मॅथर्सने 1897 मध्ये त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं, त्यात वेखंडाऐवजी कोळिंजन आलं, त्यामुळे बाजारात दोन्ही तऱ्हा मिळतात. माझ्या बाटलीवर मात्र स्पष्ट 'कॅलॅमस' लिहिलेलं, म्हणजे वेखंडच. 10 मिली, 32 पौंड.

प्रमाण विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "परंपरेची कृती आहे, सांगता येत नाही." मग माझा हात हातात घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, तुमच्यावर कुणीतरी काही केलंय. ते उतरवायला आणखी तीन बाटल्या. त्या वर्षी आई गेली होती, मी आतून पार मोडलेली होते. एकूण 145 पौंड देऊन बाहेर पडले.

घरी बाटली उघडली आणि तिथेच मनात पाल चुकचुकली. बाळंतिणीच्या खोलीतला हिराबोळ आणि बाळाच्या टाळूवरचं वेखंड यांचा वास मला लहानपणापासून ठाऊक आहे. इथे नुसता गोडसर दालचिनीचा भपका. तरी मी नाकापेक्षा लेबलवर विश्वास ठेवला आणि मनगटाला तेल लावलं. रात्रीत कातडी लाल झाली, सकाळी बारीक फोड. दालचिनीचं तेल पुरेसं पातळ केलेलं नसेल तर कातडी भाजल्यासारखी होते.

डॉक्टरनी विचारलं, यात काय काय आहे? सांगणार काय? बाटलीच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं: केवळ संग्रहासाठी, अंगाला लावू नये. दुकानात मात्र त्यानेच माझ्या कपाळाला लावून दाखवलं होतं!

मग ती बाटली आणि वाटीत स्वयंपाकाचं ऑलिव्ह तेल, दोन्ही फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी वाटीतलं गढूळ, थिजलेलं; बाटलीतलं पाण्यासारखं पातळ. एवढ्यावरून सगळं सिद्ध होत नाही, पण माझी खात्री पटली. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार दिली. ती माहिती तिथून ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे जाते.

अंगाला लावायचं म्हणून विकलेल्या तेलावर घटकांची यादी छापणं ब्रिटनमध्ये कायद्याने बंधनकारक आहे. यादी नसेल तर बाटली खाली ठेवा. आणि 'तुमच्यावर कुणीतरी केलंय' म्हणत कुणी पुढची बाटली काढली, तर त्याच पावली बाहेर पडा, विशेषतः घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर.