मलिदा आणि मेंदीचे जेवण : ठाण्यातील एका घरगुती सेवेविषयी

ठाण्यात बेने इस्रायली, म्हणजे आम्हा मराठी बोलणाऱ्या कोकणातल्या ज्यूंच्या, पद्धतीचा मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) आणि सणासमारंभाचे जेवण ऑर्डरप्रमाणे करून देणाऱ्या ज्या मोजक्या गृहिणी आहेत, त्यांच्यापैकी एकींकडून आम्ही माझ्या भाचीच्या मेंदीचे सगळे जेवण घेतले. काम घरातून चालते, पाटी नाही, जाहिरात नाही, आणि ऑर्डर ओळखीतून जाते; म्हणून नाव न देता लिहीत आहे. टेंभी नाक्याजवळच्या १८७९ सालच्या ‘शआर हाशामाईम’ सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) येणाऱ्या कुणालाही विचारले तरी अशा बायकांचा पत्ता लागतो.

भाची इस्रायलमधल्या अश्दोद शहरातली. आईवडील लग्नानंतर ठाण्याहून इस्रायलला गेले, ती तिकडेच जन्मली आणि शिकली. नियोजित वर मोरोक्कोहून आलेल्या ज्यू घराण्यातला आहे. (त्यांच्यातही मेंदी असते, त्यामुळे निदान ती एक गोष्ट व्याह्यांना समजावून सांगावी लागली नाही.) लग्न तिकडेच होणार होते, पण आजीला विमानप्रवास झेपत नाही, तेव्हा मेंदी आजीच्या डोळ्यांदेखत ठाण्यात व्हावी, हा आग्रह भाचीचाच होता आणि खर्चही तिचाच. मात्र ती व्हीगन आहे, म्हणजे मांसच काय, दूधतूपही खात नाही. आपल्या मेंदीला मटण शिजणार नाही, ही तिची अट होती. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मटणाशिवाय मेंदी ही कल्पनाच सहन होईना. इस्रायलमध्ये १९६२ साली बेने इस्रायलींच्या विवाहाआधी वंशाची चौकशी करण्याचे फर्मान निघाले आणि आंदोलने होऊन १९६४ साली तो वाद मिटला, हे सगळे ज्या पिढीने अनुभवले, ती पिढी ‘आपली रीत’ म्हणताना आवाज का चढवते, हे मला समजते. पण मेंदी भाचीची होती.

इथे स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा खरा उपयोग झाला. त्यांना पदार्थ येतात तसे त्यांच्यामागचे कारणही ठाऊक आहे, त्यामुळे कोणता नियम आहे आणि कोणती नुसती सवय, हे त्यांना चटकन सांगता येते. मांसाबरोबर दूधदुभते चालत नसल्यामुळे आपल्या घरांत रस्सा आणि गोडधोड नारळाच्या दुधात करण्याची पद्धत पडली. म्हणजे तुपादुधाचा थेंब नसलेले निम्मे ताट आपल्याकडे आधीपासूनच आहे, मटण तेवढे काढले की झाले, असे त्यांनी आजीला फोनवर सांगितले. हे आम्ही चार जणांनी सांगून पाहिले होते; त्यांनी सांगितल्यावर आजीने ऐकले.

मलिद्याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यावे लागतील. एलियाहू हानाबी या ज्यू प्रेषितांच्या नावाने केला जाणारा हा नैवेद्य अलिबागजवळच्या खंडाळ्याला नवस फेडण्यासाठी होतो आणि लग्नकार्यातही होतो. भिजवून निथळलेले पोहे, खवलेला ओला नारळ, साखर, वेलची, काजू-बदाम एवढेच त्यात असते, आणि म्हणूनच तो बिघडायलाही वेळ लागत नाही. नारळ आधी कालवला तर साखरेला पाणी सुटते आणि पोह्यांचे गोळे होतात. यांनी पोहे, नारळ आणि साखर वेगवेगळ्या डब्यांत पाठवले आणि कालवण्यासाठी एक मदतनीस वेळेवर हजर केली. ताट मांडले तेव्हा प्रत्येक पोहा सुटा होता आणि तरी कोरडा लागत नव्हता. खजूर, केळी, सफरचंद ही फळे वेगवेगळी रचलेली होती. झाडाच्या फळाची बराखा (खाण्याआधीची प्रार्थना) वेगळी आणि केळ्याची वेगळी म्हणावी लागते, हे त्यांना सांगावे लागले नाही. मनुकांचे सरबत मात्र फार पातळ होते.

भाचीला वालाचे बिरडे हवे होते, कारण आजीच्या हातचे ते तिने लहानपणी सुट्टीत खाल्ले होते. त्यावरून पुन्हा वादाला तोंड फुटले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळायचा दिवस तो आमच्याकडे ‘बिरड्याचा सण’, मग मेंदीच्या जेवणात बिरडे कसे वाढायचे? बाईंनी यात बाजू घेतली नाही. बिरडे एरवीही घरोघरी होते, पण त्या दिवशी ते केळीच्या पानावर वाढतात, तेव्हा तुम्ही ते वाटीत द्या, असा तोडगा त्यांनी काढला. तोडगा वकिली आहे असे माझे मत आहे. पण बिरडे उत्तम होते, वाल न फुटता मऊ शिजलेले, आणि आक्षेप घेणाऱ्यांनीच ते दोनदा मागून घेतले.

चिकाच्या हलव्यासाठी त्या अजून गहू भिजवून, वाटून चीक काढतात. कॉर्नफ्लॉवरचा हलवा सुरीला चिकटतो आणि दाताखाली रबरासारखा ओढला जातो. यांच्या वड्या स्वच्छ कापल्या गेल्या आणि तोंडात हळूहळू विरघळल्या. हिरव्या वाटणातला बटाटा-फ्लॉवरचा रस्सा ठीक होता, लक्षात राहण्यासारखा नव्हता.

आता तक्रार. ऑर्डर ठरवताना बाईंनी पहिले कित्येक फोन भाचीला सोडून माझ्या मेव्हण्यांना केले. ‘मोठ्या माणसांशी बोलते’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. आगाऊ रक्कम भाचीने भरली, पदार्थ तिने निवडले, पण ताटांची संख्या परस्पर मेव्हण्यांशी बोलून वाढवली गेली आणि बिलावर नावही त्यांचेच आले. भाचीने शांतपणे फोन करून बिल आपल्या नावावर बदलून घेतले आणि वाढीव ताटे कमी करायला लावली. त्यांनी ते केले, कुरकुर न करता केले, हेही नोंदवायला हवे. तरी नवऱ्या मुलीने स्वतःच्या कार्याचा निर्णय घेतला तर तो पहिल्याच फोनला मानला जावा, एवढी अपेक्षा गैर नाही. पदार्थांची यादीही हाताने लिहून तिचा फोटो पाठवला जातो. भाचीला मराठी उत्तम बोलता येते पण वाचता येत नाही, त्यामुळे प्रत्येक बदल मला वाचून दाखवावा लागला. परगावच्या ग्राहकांचा विचार करून हे सुधारावे.

दर साध्या केटररपेक्षा जास्त आहे आणि किमान २५ ताटांची ऑर्डर लागते. नारळ आणि सुका मेवा ज्या सढळ हाताने पडतो ते पाहता मला तो वाजवी वाटला. स्वयंपाकघर घरचेच असल्यामुळे कोशेर (ज्यू आहारनियम पाळल्याचे) प्रमाणपत्र नाही. नियम मनापासून पाळले जातात, पण व्याह्यांपैकी एकांना कागद हवा होता आणि ते फळे खाऊन राहिले. तेव्हा परदेशातून पाहुणे येणार असतील तर त्यांना हे आधीच सांगावे. शब्बाथमुळे (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे) शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत चूल बंद असते आणि फोनही उचलला जात नाही. नव्याच्या सणाआधी (ज्यू नववर्षाआधी) हलव्याच्या मागणीमुळे त्या मेंदीचे काम घेत नाहीत, म्हणून तारीख पक्की करून हॉलला पैसे भरण्याआधी त्यांना विचारून घ्यावे.