पिंजरा झकास, बाकीचा खोका भंगार

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून पोरासाठी फुलपाखरू वाढवायचा खोका आणला. ६५० रुपये. आत घडीचा जाळीचा पिंजरा, एक भिंग, अंडं-अळी-कोष-फुलपाखरू अशी प्लास्टिकची चार खेळणी अन् माहितीचा कागद. अळी-बिळी काही नाही, ती आपली आपणच शोधायची.

कागद तर परदेशातलाच उचललेला. अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराच्या अळीला मिल्कवीडची पानं घाला म्हणे! जुळे सोलापुरात मिल्कवीड कुठनं आणू? त्याच कुळातली रुई आपल्या माळावर हवी तेवढी आहे, शनिवारी मारुतीला वाहतो तीच. तिच्यावर बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या असतात. कागदावर त्याचं नाव नाही.

आम्हाला लांब जावंच लागलं नाही. गच्चीवरच्या कढीपत्त्यावर पाखराची शीट दिसली म्हणून पुसायला गेले, तर शीट हलली! लिंबाळी फुलपाखराची अळी. थोडी मोठी झाली की हिरवीगार होते. पोरानं काडीनं डिवचली तर डोक्यामागनं लालसर दुबेळकं बाहेर काढलं अन् असा उग्र वास सोडला की पोरगं दोन पावलं मागं.

पहिली अळी आमच्या चुकीनं गेली. डहाळी पाण्याच्या ग्लासात ठेवली होती, रात्री घसरून बुडाली. पोर त्या दिवशी जेवलं नाही. मग बाटलीत डहाळी खोचून तोंड कापसानं बंद केलं अन् दुसऱ्या दोन आणल्या. बाजारातला कढीपत्ता घालू नका, त्यावर फवारणी झालेली असू शकते.

मी शाळेचे गणवेश शिवते, त्यामुळं पिंजऱ्याची आधी शिलाई बघितली. जाळी बारीक, कडेला पायपिन नीट, उभा ठेवला की कलंडत नाही. चेन मात्र हलकी, आठवड्यात रनर हातात आला.

कोष करायच्या आधी अळीनं जे केलं ते मी मशीन थांबवून बघितलं. शेपटीकडनं काडीला चिकटली, मग मान इकडनं तिकडं नेत स्वतःभोवती धागा फिरवला. एकावर एक पदर. कमरपट्टा तयार झाल्यावर त्याच्यावर रेलून निवांत. शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आज्जींना हाक मारली. हातमागावर जन्म गेलेल्या त्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "आमच्यात ह्याला सीताकोकचिलुका म्हणतात. कोक म्हणजे साडी."

नवव्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर. खाली तांबूस थेंब पडले, पोराला रक्तच वाटलं. कोषात साठलेली घाण असते ती, घाबरू नका. पंख वाळेपर्यंत हात लावू देऊ नका, एवढंच.

पिंजऱ्याला पाचपैकी चार, बाकीच्याला शून्य. दुकानात नुसता पिंजरा मागितला तर सुटा देत नाहीत. शेजारच्या पोरीला मी मच्छरदाणीचं कापड, तार अन् गणवेशातली उरलेली चेन लावून शिवून दिला. शंभराच्या आत बसला, अन् चेन चांगली आहे.