एकच त्सुनामी, दोन अणुप्रकल्प: मत ठरवण्याआधी

परिसरात अणुऊर्जा प्रकल्प येणार म्हटलं की ‘फुकुशिमाचं काय झालं?’ हा प्रश्न हटकून येतो. तो रास्तच आहे. पण त्याच दिवशी, जपानच्या त्याच किनाऱ्यावर ओनागावा या दुसऱ्या अणुप्रकल्पाचं काय झालं, हेही विचारायला हवं.

११ मार्च २०११ च्या भूकंपाचं केंद्र फुकुशिमा दाइची प्रकल्पापेक्षा ओनागावाला जवळ होतं. दोन्हीकडे उकळत्या पाण्याच्याच अणुभट्ट्या, आणि चालू असलेल्या सगळ्या धक्क्यासरशी आपोआप बंद झाल्या. पण बंद केलेली भट्टी लगेच निवत नाही. सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनातून निघतच राहते. ती काढून नेणाऱ्या पंपांना वीज लागते.

फुकुशिमात सुमारे ३५ मीटर उंचीचं टेकाड छाटून पहिल्या चार भट्ट्या समुद्रसपाटीपासून १० मीटरवर बसवल्या होत्या. डिझेल जनरेटर बहुतेक तळघरांत. लाट आली १४-१५ मीटरची. वीज गेली, तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं, दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. त्याच आवारात जरा उंचावरचा, हवेवर थंड होणारा एक जनरेटर मात्र टिकला आणि त्याच्या जोरावर पाचवी-सहावी भट्टी वाचली. एका यंत्राची जागा, एवढाच फरक!

ओनागावाची जमीन जवळपास १५ मीटरवर होती. यानोसुके हिराई या अभियंत्याने त्या उंचीचा आग्रह धरला होता. लाट तिथेही सुमारे १३ मीटरची आली. आग लागली, एका तळघरात पाणी शिरलं, बाहेरून येणाऱ्या पाच वीजवाहिन्यांपैकी एकच उरली. तरी भट्ट्या सुखरूप थंड झाल्या, आणि घरं वाहून गेलेल्या गावकऱ्यांनी प्रकल्पाच्याच आवारात आसरा घेतला. अर्थात ती एक वाहिनी उरण्यात नशिबाचाही वाटा होता, हे विसरू नये.

फुकुशिमाच्या कंपनीच्या हाती २००८ मध्येच १५ मीटरहून मोठ्या लाटेचं गणित होतं. त्यावर वेळीच उपाय झाला नाही. देखरेख करणारी संस्था अणुऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या मंत्रालयाच्याच हाताखाली होती. संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये हा अपघात मानवनिर्मित ठरवला.

म्हणून, प्रकल्प थांबवायचा अधिकार असलेला स्वतंत्र नियामक नसेल, तर भट्टी कितीही नवी असली तरी मी होकार देणार नाही. काही नव्या रचना विजेविना ७२ तास थंडावा टिकवतात. हे खरंच मोलाचं आहे. पण चौथ्या दिवशी पाणी कोण, कुठून आणि कुठल्या रस्त्याने आणणार? जनसुनावणीत हे विचारा. आधीच्या लाटांच्या, पुरांच्या, भूकंपांच्या नोंदी किती जुन्या धरल्या आहेत आणि जनरेटर नेमके किती उंचीवर आहेत, तेही लेखी मागा.