घोंगडी की स्लीपिंग बॅग?

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर पहिलाच मुक्काम असेल, तर पांघरुणाचा प्रश्न आधी सोडवा. घरची घोंगडी फुकटात मिळते, दवाने ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, चुलीची ठिणगी उडाली तरी भसकन पेटत नाही. पण सॅकमध्ये कोंबून बघा! अर्धी जागा तीच खाते, आणि पाचनईची वाट चढताना खांदे भरून येतात. स्लीपिंग बॅग दीडेक किलोची, गुंडाळली की कळशीहून लहान. चेन हनुवटीपर्यंत ओढली की कोकणकड्याचा वारा बाहेर. ठिणगीने मात्र लगेच भोक पडतं. माझ्या बॅगेला दोन आहेत. तरी मी बॅगच नेतो. खाली मॅट हवीच, नाहीतर कातळ पाठीतली सगळी ऊब ओढून घेतो.