मनीऑर्डरचा करार: दोघांत करायचा की सगळ्यांनी मिळून?

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या मॉक निगोशिएशनसाठी, म्हणजे वाटाघाटींच्या सरावासाठी, किंवा सेमिनारसाठी पोस्टाच्या मनीऑर्डर कराराचा विषय घेतला असेल तर पहिला प्रश्न हाच येतो की बाजू कुठली धरायची, दोन देशांनी आपापसात केलेला करार की सगळ्यांनी एकाच कागदावर सह्या केलेला. बरेच जण विचार न करता दुसरी बाजू घेतात कारण ती ऐकायला छान वाटते. घाई करू नका, दोन्हीकडे दम आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. 1874 ला बर्नमध्ये 22 देशांनी टपालाचा करार केला, त्यातूनच देशांचा टपाल संघ उभा राहिला, जर्मनीच्या टपाल खात्याचा प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान त्यामागे होता, आणि त्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे पत्रांचा हिशेबच ठेवायचा नाही. तिकिटाचे पैसे ज्या देशाने घेतले त्यानेच ठेवायचे, कारण पत्र आलं की उत्तर जाणारच, शेवटी बरोबरी होते. मनीऑर्डरला हे चालतच नाही. एका देशाच्या पोस्टाने पैसे घेतले, दुसऱ्या देशाच्या पोस्टाने स्वतःच्या गल्ल्यातून दिले, आता ते परत मिळणार कधी, कुठल्या चलनात, कुठल्या दराने? म्हणजे इथे एक सरकार दुसऱ्याला उधार देतंय. म्हणून 4 जून 1878 ला पॅरिसमध्ये मनीऑर्डरसाठी वेगळा करार झाला आणि तो ऐच्छिक ठेवला, टपाल संघात असलात तरी सही केलीच पाहिजे असं नाही. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड वगैरे आत आले. ब्रिटन आणि अमेरिका बाहेर राहिले, ब्रिटिश हिंदुस्थानचंही तेच.

मग ब्रिटन-अमेरिका काय करत होते? त्यांची यादी पद्धत होती आणि ती नीट बघण्यासारखी आहे. समजा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा एखादा खाणकामगार अमेरिकेत मिशिगनच्या तांब्याच्या खाणीत कामाला आहे आणि त्याला घरी पैसे पाठवायचेत. तो तिथल्या पोस्टात पैसे भरतो, हातात पावती मिळते, मनीऑर्डरचा कागद नाही. पोस्टमास्तर सूचना न्यूयॉर्कला पाठवतो, तिथे सगळीकडून आलेल्या सूचना एका यादीत उतरवतात, अनुक्रमांक, पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव पत्ता, रक्कम, आणि ती यादी बोटीने लंडनला जाते. लंडनचा कारकून त्या यादीवरून प्रत्येकाच्या नावाने नवी साधी देशांतर्गत मनीऑर्डर लिहितो, आणि कॉर्नवॉलमधल्या बाईच्या हातात रोजच्या ओळखीचा ब्रिटिश कागद पडतो, पौंड-शिलिंगमध्ये. गावच्या पोस्टमास्तरला परदेशी शिक्का ओळखायचा नाही, परदेशी अक्षर लावायचं नाही, दर काढायचा नाही. खोटा कागद करून पैसे उचलणंही कठीण, कारण यादी एका सरकारी कचेरीतून थेट दुसऱ्या सरकारी कचेरीत जाते, मध्ये कुणाच्या हाती लागत नाही.

तोटा उघड आहे, वेळ आणि कारकुनी. बोट चुकली की यादी थांबली, न्यूयॉर्कला एक नाव चुकीचं उतरलं की लंडनला तीच चूक, आणि मग पत्रापत्री पुन्हा बोटीने.

पॅरिसच्या करारात फॉर्मचा नमुना सगळ्यांचा एक, एका गावच्या पोस्टाने भरला की तोच दुसऱ्या देशातल्या गावच्या पोस्टात वटतो, मधली कचेरी नाही. जास्तीत जास्त 500 फ्रँकची मर्यादा, आणि कमिशन दोन्ही पोस्ट खात्यांत निम्मंनिम्मं, म्हणजे प्रत्येक देशाशी टक्क्यांची घासाघीस करत बसायचं नाही. मला सगळ्यात मोलाचं कलम वाटतं ते हमीचं, घेणाऱ्याच्या हातात पैसे रीतसर पडेपर्यंत पाठवणाऱ्याच्या रकमेची जबाबदारी पोस्टावर. घरापासून लांब राबणाऱ्या माणसासाठी सरकारांनी एकत्र येऊन हे लिहून ठेवलं, याला फार मोठी किंमत आहे.

पण चलनाचा प्रश्न आला की हा करार अवघड होतो आणि तुमच्या निगोशिएशनमध्येही गाडी इथेच अडणार. अमेरिकेचा कागदी डॉलर 1 जानेवारी 1879 पर्यंत सोन्यात बदलून मिळत नव्हता, त्याचा भाव वरखाली व्हायचा. अशा चलनाच्या देशाशी उधारीचा हिशेब ठेवायचा तर दर कोण ठरवणार, आणि हिशेब मिटेपर्यंत भाव पडला तर नुकसान कुणाचं, हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवणं सोपं जातं. वीस देशांच्या टेबलावर ते होत नाही.

लहान देशाचं गणित मात्र उलटं. त्याच्याकडे दहा देशांशी दहा करार करायला माणसं नाहीत, आणि मोठ्या देशासमोर एकटा बसला तर कमिशनचा वाटा मोठा देशच ठरवणार. टपाल संघाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे सदस्य देशांच्या परिषदेत, एका देशाला एक मत, तिथे लक्झेंबर्गही जर्मनीइतकंच. शिवाय थेट करार नसेल तर पैसे तिसऱ्या देशातून फिरून जातात. हिंदुस्थानातून ज्या देशाशी थेट सोय नव्हती तिथली मनीऑर्डर लंडनमार्गे जायची आणि मधल्या पोस्टाचं कमिशन रकमेतून कापलं जायचं. म्हणजे भुर्दंड शेवटी घरी बसून वाट बघणाऱ्यालाच.

माझं मत विचाराल तर तुमचे नव्वद टक्के पैसे एकदोन देशांतूनच येत असतील, चलन डळमळीत असेल किंवा समोरच्याच्या पोस्टावर भरवसा नसेल, तर दोघांतला करार आणि यादी पद्धत घ्या, ब्रिटन-अमेरिकेने आडमुठेपणा केला नव्हता. माणसं बऱ्याच देशांत विखुरलेली असतील आणि तुमची ताकद कमी असेल तर सामाईक करारच घ्या. मधला रस्ताही आहे, आणि तो फार कमी जण मांडतात. 1878 च्या करारातच दोन देशांना आपसात आणखी चांगल्या अटी ठरवायची मुभा होती. म्हणजे सामाईक करारात शिरा आणि ज्या देशातून सगळ्यात जास्त पैसे येतात त्याच्याशी वेगळी पुरवणी करा.

आजच्या काळाची बाजू घेणार असाल तर खाजगी कंपनीशी करार हा तिसरा पर्यायही टेबलावर ठेवा. इंडिया पोस्टने 2001 मध्ये वेस्टर्न युनियनशी हातमिळवणी केली, परदेशातून आलेले पैसे पोस्टात मिळू लागले, पण ही वाट फक्त येणाऱ्या पैशांची. असा करार पटकन होतो, हिशेबाची जोखीम कंपनी उचलते, पण दर आणि फी कंपनीच्या हातात जाते. दुसरीकडे अमेरिकेच्या पोस्टाने ऑक्टोबर 2024 पासून आंतरराष्ट्रीय मनीऑर्डर विकणंच बंद केलं, आणि 2025 च्या सप्टेंबरात दुबईच्या टपाल काँग्रेसमध्ये भारताने यूपीआय टपाल संघाच्या यंत्रणेला जोडायचा प्रकल्प मांडला. साधन बदललं तरी हिशेब कुठल्या चलनात आणि किती दिवसांत मिटवायचा, फसवणूक झाली तर भरपाई कुणी द्यायची, हेच प्रश्न तिथेही येणार, तेव्हा ही बाजू घेतलीत तर त्यांची उत्तरं आधी लिहून काढा.

आणि सेवा तात्पुरती थांबवायचं कलम विसरू नका. 1878 च्या करारात अपवादात्मक परिस्थितीत कुठलंही पोस्ट खातं मनीऑर्डर थांबवू शकत होतं, फक्त समोरच्याला लगेच कळवायचं, गरज पडली तर तारेने. हे कलम सही मिळवण्यासाठी लागतंच, त्याशिवाय अर्थखातं तयार होत नाही. पण आधीच निघालेल्या, वाटेतल्या मनीऑर्डरींचं काय करायचं ते त्याच कलमात लिहून घ्या, पैसे द्यायचे की परत करायचे आणि किती दिवसांत.