एलेनर ऑलिफंट : सात महिने, दोन वाचनं

‘एलेनर ऑलिफंट इज कम्प्लीटली फाइन’ ही कादंबरी मी सात महिन्यांत दोनदा वाचली. पहिल्यांदा दोन रात्रींत संपवली. नायिका एलेनरच्या लहानपणी नेमकं घडलं तरी काय, एवढंच हवं होतं. दुसऱ्यांदा शेवट ठाऊक होता, त्यामुळे सावकाश वाचली, आणि माझं मत बरंच बदललं. शेवट फोडत नाही, निर्धास्त वाचा.

गेल हनीमन या स्कॉटिश लेखिकेची ही पहिलीच कादंबरी, २०१७ सालची. पहिल्या कादंबरीसाठीचा कोस्टा हा ब्रिटिश साहित्य पुरस्कार तिला मिळाला. शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून सोमवारपर्यंत कुणाशी एक शब्दही न बोलणाऱ्या तरुणीबद्दल तिने वर्तमानपत्रात वाचलं होतं, त्यातून एलेनर सुचली. तिशीला टेकलेली, ग्लासगोतल्या एका डिझाइन कंपनीत हिशेबाचं काम करणारी. शनिवार-रविवार पिझ्झा आणि दोन बाटल्या व्होडकावर काढणारी. बुधवारी संध्याकाळी आईशी फोनवर बोलणं, आणि सोबतीला लहानपणापासून जपलेलं एक झाड. बस्स.

पहिल्या वाचनात मी हसलो खूप. बाई बोलते छापील पुस्तकासारखं आणि सगळ्या जगाला नावं ठेवते. एका वाढदिवसाला भेट म्हणून अर्धी संपलेली व्होडका आणि चीजच्या चकत्या घेऊन जाते! दुसऱ्यांदा मात्र त्याच जागा टोचल्या. अगदी सुरुवातीलाच ती सांगते, की लोकांना ‘मी ऑफिसात काम करते’ एवढंच सांगते, आणि जवळजवळ नऊ वर्षांत कसलं ऑफिस हे कुणीही विचारलेलं नाही. पहिल्यांदा हे वाक्य मी चक्क ओलांडून गेलो होतो. म्हणजे मीही त्या न विचारणाऱ्यांतलाच.

रहस्याचा भाग दुसऱ्या खेपेला फिका वाटला. धागेदोरे आधीपासून पेरलेले दिसतात, कारागिरी चोख आहे, पण पुस्तक त्यावर उभं नाही. ते उभं आहे रेमंडवर. ऑफिसातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, गबाळा, सिगरेटी ओढणारा माणूस. रस्त्यात कोसळलेल्या सॅमी नावाच्या म्हाताऱ्याला दोघं मदत करतात आणि तिथून एलेनरचं दार किलकिलं होतं. तेही तिच्या मनाविरुद्ध. तिला तिथून सटकायचंच असतं. पुढे दवाखान्यात भेटायला जाणं, कुणाच्या घरी चहा, केस कापून घेणं, अशा बारीकसारीक गोष्टींनी ती माणसांत येते. तिची अवस्था अगदी वाईट झाल्यावर रेमंड घर आवरायला लागतो, उपदेश करत बसत नाही. आणि लेखिका या दोघांचं लग्न लावायच्या घाईत नाही, याबद्दल तिला माझे पैकीच्या पैकी गुण.

तक्रारी आहेतच. एलेनर एका गायकावर भाळते, ते प्रकरण फार लांबलंय. त्याच्यासाठीची तिची सगळी तयारी दुसऱ्यांदा वाचताना मी पानं उलटत सुटलो. एवढी वर्षं पिणाऱ्या बाईची दारू इतक्या सहज सुटते, हेही पटलं नाही. पुढे घरी आलेल्या मांजरीला तिने आपल्या आवडत्या व्होडकाचं नाव दिलंय, ते गोड आहे, पण तेवढ्याने भागत नाही. समुपदेशकाच्या खोलीतले प्रसंग मात्र मला आवडले. ती तिथे हुज्जत घालते, उत्तरं चुकवते, आणि तरी पुढच्या वेळी वेळेवर हजर असते.

मुखपृष्ठावरचे ‘विनोदी’, ‘आनंददायी’ असले शब्द वाचून कुणाला भेट देऊ नका. आत लहान मुलांवरच्या अत्याचाराचा आणि आत्महत्येच्या विचाराचा भाग आहे, तो आधी सांगायला हवा.

सध्या माझी प्रत मावसबहिणीकडे आहे. ‘ही बाई डोक्यात जाते’ असा तिचा काल मेसेज आला. ती अजून गायकापाशीच आहे. तिला कळवलंय, सॅमी पडेपर्यंत थांब.